संध्याकाळी तीन नंबर नको

३ ऑक्टोबर, सोमवार

मालकांच्या सूनबाईंनी फर्मावलंय की सॉफ्टवेअर निवडेपर्यंत रोजच्या नोंदी ठेवायच्या. त्या मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवणार आहे, सभ्य भाषेत. ही वही उरलेल्या भाषेसाठी.

आमच्या कंपनीत पंपाचे शाफ्ट आणि बारीक पिना बनतात. कुठल्या मशीनवर कुठलं काम कधी लावायचं हे मी ठरवते. एक शीट आहे, तिला मी सोडून कोणी हात लावत नाही. लावला तर मला दोन दिवस निस्तरावं लागतं. मागच्या महिन्यात एकाच गिऱ्हाइकाच्या दोन गाड्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माल भट्टीतच होता. चूक माझी नव्हती, पण शीट माझी होती. सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही उद्या आजारी पडलात तर आम्ही काय करायचं?" प्रश्न बरोबर आहे. मी आजवर आजारी पडायचं टाळत आले ते उगाच नाही.

तर आता प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं. चाळणी मी लावायची, गुण मी द्यायचे, शेवटची शिफारसही माझीच.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणजे माझा नवरा. त्याच कंपनीत ग्राइंडिंग खात्याचा मुख्य, आणि तीन नंबरच्या मशीनचा सर्वेसर्वा. आमची ओळखच त्या मशीनपाशी झाली. हे म्हणाले, "कशाला हवंय सॉफ्टवेअर? तू आहेस ना." वीस-बावीस वर्षांत ह्यांनी केलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक असावं, म्हणून तारीख घालून लिहून ठेवतेय.

६ ऑक्टोबर, गुरुवार

पहिली मंडळी येऊन गेली. टाय लावलेला एक गृहस्थ, सोबत लॅपटॉप धरायला दुसरा. पडद्यावर रंगीबेरंगी पट्ट्या. पट्टी बोटाने उचलायची, दुसऱ्या मशीनवर टाकायची, की बाकीच्या सगळ्या आपोआप सरकून जागा करून देतात. मालक लहान मुलासारखे तीनदा सरकवून आले. मी विचारलं, "ह्या कामासाठी मशीनला नवीन सेटिंग लागतं, त्याचा वेळ धरलाय का?" टायवाला म्हणाला, "सगळं होतं मॅडम." होतं का, विचारलं नव्हतं. धरलाय का, हे विचारलं होतं.

मी ह्या सॉफ्टवेअरचं नाव चकचकीत ठेवलंय. वाईट नाही. जे सांगाल ते ऐकतं, उलट बोलत नाही. अशी माणसंसुद्धा सगळ्यांना आवडतात.

१२ ऑक्टोबर, बुधवार

आज दुसरी पार्टी. एकच बाई, माझ्याच वयाची, पायात सपाट चपला. तिचं सॉफ्टवेअर राखाडी, बघूनच उदास वाटावं असं. पट्ट्या आहेत, पण ओढू गेलं की हलत नाहीत, आधी विचारतात: का?

बाईचंही तसंच. चहा घेता घेता विचारते, "हा शाफ्ट आधी का?" "ह्या दोन लेथवर हे दोघं एकत्र कधीच का नाहीत?" मी म्हटलं, "मिशीवाला आणि त्याचा मेव्हणा. शेजारी ठेवले तर दिवसभर बायकोच्या माहेरची उणीदुणी काढत बसतात." तिने गंभीरपणे टाइप केलं: बोलण्यात वेळ जातो. मला हसू आवरेना, पण मनात म्हटलं, ही बाई कामाची आहे.

तिच्या सॉफ्टवेअरचं नाव खडूस.

निघताना सांगून गेली की तुमच्या डोक्यातले सगळे नियम कागदावर काढा, प्रत्येकापुढे कारण. कारणाशिवाय खडूस नियम जतनच करत नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार

सुट्टी नियम लिहिण्यात गेली. एवढे नियम डोक्यात घेऊन मी रोज भाजी चिरते हे मलाच माहीत नव्हतं. भट्टीत जाड शाफ्ट आधी. अमुक गिऱ्हाइकाला तारीख सांगताना दोन दिवस अलीकडची सांगायची, कारण ते गाडी पाठवायला तेवढा उशीर करतातच. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन काम लावायचं नाही, कारण माणसं आलेली असतात पण पोचलेली नसतात.

आणि: संध्याकाळी तीन नंबरवर बारीक पिना नकोत.

त्यापुढे कारण लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. कारण असं नाही. संध्याकाळी लावल्या की पिना बाद होतात, एवढंच. माप कधी खाली जातं, कधी वर. मशीन जुनं आहे, त्याला स्वभाव आहे. तीन वर्षांमागे पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी "सहानंतर नको" असा नियम केला. मग पुढच्या वर्षी पाचनंतर. आता चारनंतरही भरवसा नाही. थंडीत तर त्याहून आधी रुसतं. मेंटेनन्सवाले काका म्हणतात गारठ्यात तेल घट्ट होत असेल. बेअरिंग बदलून झालं, तेल बदललं, बाहेरून मेकॅनिक आणून दाखवला. मध्ये मी मशीनवर एक मोठा दिवा बसवून घेतला, त्यानंतर काही महिने फार छान चाललं, मग पुन्हा पहिले पाढे. दुसऱ्या, रात्रीच्या शिफ्टला ते बंदच असतं, कारण त्याला परक्या माणसाचा हात लागलेला ह्यांना खपत नाही.

ह्यांना विचारलं, "काय लिहू कारण?"

"लिही काहीतरी. मशीन म्हातारं झालंय."

लिहिलं: मशीनचा स्वभाव.

१९ ऑक्टोबर, बुधवार

खडूसने स्वभाव मान्य केला नाही. कारणाच्या जागी चारच पर्याय आहेत: मशीन, हत्यार, माल, माणूस. मी मशीन निवडलं. लगेच पुढचा प्रश्न: दोष कोणता? काकांना बोलावलं. ते बिचारे सगळ्या नोंदी घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, खोटं कसं लिहून देऊ? मशीन ठणठणीत आहे. इतक्यांदा उघडून पाहिलंय की झोपेतही जोडीन."

म्हणजे हत्यार? घासायचं चाक तेच, सकाळी चालतं. माल? तोच.

बाई म्हणाली, "सध्या हा नियम बाजूला ठेवू. चाचणीत काय होतं ते बघू." मला राग आला. तीन वर्षं मी ते मशीन सांभाळून घेतलं, आणि ही कालची आलेली बाई बाजूला ठेवते म्हणे.

घरी येऊन तणतणले. मला वाटलं, हे माझी बाजू घेतील. हे म्हणाले, "मग ते दुसरं घ्या की. रंगीत. ते काही विचारत नाही ना?"

आजवर सॉफ्टवेअरबद्दल एक अक्षर न बोललेला माणूस. मशीनला नावं ठेवली ते लागलं असणार. ह्यांचं त्या मशीनवर प्रेम आहे, मी दुसरी आले.

२९ ऑक्टोबर, शनिवार

लेक दोन दिवस राहून आज परत गेली. शिक्षणाचं शेवटून दुसरं वर्ष, म्हणजे आईवडिलांपेक्षा जास्त कळण्याचं वर्ष. बापलेकीची पहिल्याच दिवशी खडाजंगी. तिची बॅग पॅसेजमध्ये होती, हे सरळ तिच्यावर आपटले, आणि वर तिलाच ओरडले, "वाटेत कशाला ठेवतेस?" ती म्हणाली, "बाबा, केवढी मोठी बॅग आहे, लाल आहे!" मग दोघं गाल फुगवून बसले. तिची दुसरी तक्रार अशी की बाबा मेसेजला उत्तर देत नाहीत, नुसता फोन करतात. मी म्हटलं, अगं, तेवढाच तुझा आवाज ऐकू येतो त्यांना, करू देत.

एक गंमत लिहायची राहिली. हल्ली आम्ही कंपनीतून चालत येतो. ह्यांनी स्कूटर बंद केली, म्हणतात पोट सुटलंय. आणि अंधार पडला की रस्त्यात माझा दंड धरतात. लग्न झालं तेव्हा हातभर अंतर ठेवून चालणारा माणूस! समोरची शेजारीण परवा म्हणाली, "काय बाई, उतारवयात रंग चढलाय." मी लाजले वगैरे नाही. पण बरं वाटलं, हे खरं.

७ नोव्हेंबर, सोमवार

खडूसची चाचणी सुरू. दोन आठवडे खरी कामं त्याच्या प्लॅनप्रमाणे चालवायची. मी बाजूला बसून बघायचं, हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून राहावं तसं वाटतं.

खडूसने पहिल्याच दिवशी बारीक पिना तीन नंबरवर टाकल्या. वेळ संध्याकाळची. मी कपाळावर हात मारला.

आणि नेमके आज हे घरी. सकाळपासून पोट बिघडलंय म्हणाले. ह्यांनी रजा घेतल्याचं मला तरी आठवत नाही. मग तीन नंबरवर कोण? एक नंबरवरचा पैलवान. नावाचाच पैलवान, वजन माझ्याहून कमी. तो घाबरत घाबरत उभा राहिला, "भाऊंना कळलं तर मारतील मला." भाऊ म्हणजे हे.

एकही पिन बाद झाली नाही. तपासणीवालीने दोनदा मोजून पाहिलं. बाहेर काळोख झाला होता, गारठाही होता, आणि मशीन शहाण्यासारखं चालत होतं.

मला इतका आनंद झाला की येताना काहीतरी गोड घेऊन आले. दारातूनच ओरडले, "अहो, तुमचं मशीन बरं झालं!" सगळं सांगितलं, पैलवान कसा घाबरला होता त्याची नक्कलही केली. हे ऐकून घेऊन उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाल्लंही नाही. म्हटलं पोट बिघडलंय. तरी पण, माणसाने थोडं हसायला काय हरकत होती?

१० नोव्हेंबर, गुरुवार

आनंद तीन दिवस टिकला.

आज पुन्हा संध्याकाळी तीन नंबरवर पिना, मशीनवर हे स्वतः. अर्ध्याहून जास्त बाद. त्याच गिऱ्हाइकाचा माल, ज्याच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या होत्या. तपासणीवाली ट्रे घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि काही न बोलता ठेवून गेली. ती एरवी इतकी बडबडी की तिला गप्प करायला शिफ्ट संपावी लागते.

सूनबाईंच्या केबिनमध्ये बैठक. मी म्हटलं, "बघा, मी सांगत होते. मशीन पुन्हा बिघडलं. माझा नियम पाळला असता तर हे झालं नसतं."

खडूसवाली बाई दोन्ही दिवसांचे आकडे समोर ठेवून बसली होती. "सोमवारी आणि आज," ती म्हणाली, "मशीन तेच. चाक तेच. माल एकाच लॉटचा. वेळही तीच. फक्त एक गोष्ट वेगळी होती."

मला कळायला क्षणभर लागलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "अहो बाई, ह्या कंपनीत ग्राइंडिंग शिकलेला प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखाली शिकलाय. तो पैलवानसुद्धा."

"मी हाताबद्दल बोलत नाहीये," ती म्हणाली.

मी चकचकीतला मनातल्या मनात भरघोस गुण देऊन बाहेर आले.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आज चारच्या सुमाराला मी शॉपमध्ये, मशीनांपाशी, गेले. का गेले ते सांगता येत नाही. बाईला खोटं पाडायला, असं स्वतःला सांगितलं.

ह्यांची माझ्याकडे पाठ होती. चाक फिरत होतं. चाकापुढची काच ह्यांनी वर सारून ठेवली होती, गॉगल कपाळावर, आणि तोंड चाकापासून वीतभर. ठिणग्या गालावर येत होत्या. डायलवर बोट ठेवून चाचपत होते, पुन्हा वाकत होते, अजून जवळ. एकदा तर नाक टेकतंय की काय असं झालं.

मी किंचाळले. नावाने हाक मारली, जी मी घरातसुद्धा मारत नाही. सगळं शॉप थांबून बघायला लागलं.

ह्यांनी मशीन बंद केलं, वळले, आणि माझ्या दोन हात डावीकडे बघून म्हणाले, "काय झालं?"

मी डावीकडे नव्हते.

१२ नोव्हेंबर, शनिवार

काल घरी येताना मी दंड पुढे केला, ह्यांनी धरला. पायरी आली की मी "पायरी" म्हणत होते. आधी कधी म्हणावं लागलं नव्हतं, म्हणजे आधी हे मोजून चालत असणार.

सकाळी चहा होईस्तोवर धीर धरला. मग म्हटलं, "सांगा."

"तीन नंबरला काही झालेलं नाही. कधीच काही झालेलं नव्हतं. मला दिसत नाही."

किती दिवस, विचारलं. तर तीन वर्षं. आधी अंधारात अंधुक, मग कडेचं जायला लागलं, आता नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टरांकडे एकटे जाऊन आले. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायला थेंब घालायचे. थेंबांची बाटली कंपनीतल्या लॉकरमध्ये.

मला आधी दया वगैरे आली नाही, लिहायला लाज वाटते पण खरं तेच. आधी राग आला. म्हटलं, "मी मशीनवर दिवा बसवून घेतला तेव्हा बोलायचं नाही? मी मेकॅनिकवर पैसे घालायला लावले मालकांना! मी काकांशी भांडले! मला मूर्ख बनवलंत."

"दिवा बसवलास तेव्हा फार बरं झालं होतं," हे म्हणाले. "काही महिने."

मग मला रडू कोसळलं. ते आवरल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, "ते रंगीत सॉफ्टवेअर घेता येणार नाही का? तुझा नियम तसाच चालू राहील. संध्याकाळी तीन नंबर नको, बस. सकाळी मला जमतं अजून. लेकीचं संपेपर्यंत काढतो. मशीन गेलं की मला कंपनीत कोण ठेवणार? काय म्हणून ठेवणार?"

मी चहाचे कप उचलले. हे आंघोळीला गेले. बाथरूमच्या दाराची कडी चाचपताना आवाज येत राहिला. तो आवाज मी तीन वर्षं ऐकतेय आणि मला वाटायचं कडी सैल झालीय.

१६ नोव्हेंबर, बुधवार

शुक्रवारी शिफारस द्यायची.

गुणांचा तक्ता मांडला. प्रामाणिकपणे खडूस पुढे. मग "वापरायला सोपं" ह्या रकान्यात चकचकीतचे गुण वाढवले. त्यात खोटं काही नव्हतं, सोपं आहेच ते. मग "माणसांना शिकायला लागणारा वेळ" वाढवला. चकचकीत पुढे गेलं. तक्ता इतका व्यवस्थित दिसत होता की कोणी बोट ठेवलं नसतं.

तासाभराने सगळे गुण पुन्हा पहिल्यासारखे केले. मग पुन्हा बदलले. कोणाला विचारावं असंही नाही. एरवी असलं काही अडलं की मी ह्यांनाच विचारते.

डोळ्यांपुढून ते चाक हलत नाही. नियम पाळूनसुद्धा नाक वीतभरावरच असणार, फक्त सकाळी.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

बैठक झाली. मालक, सूनबाई, सगळ्या खात्यांचे मुख्य, म्हणजे हेसुद्धा. खडूसवाली बाई एका कोपऱ्यात, टायवाला दुसऱ्या.

जाताना वाटेत मी ह्यांना सांगून टाकलं, "मी खडूस म्हणणार आहे. तुमचं नाव घेणार नाही. पण नियमाला कारण मागतील, आणि मी मशीन म्हणून लिहिणार नाही. मला विधवा व्हायचं नाही, आणि आंधळ्याची बायको व्हायची माझी तयारी आहे." इतकं कठोर बोलायचं नव्हतं. पण सकाळपासून जे तोंडात घोळत होतं तेच बाहेर पडलं. ह्यांनी हात मात्र सोडला नाही.

मी शिफारस वाचली. मालकांचा चेहरा पडला, त्यांना पट्ट्या सरकवायच्या होत्या. सूनबाईंनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, "आणि तो तीन नंबरचा नियम? तो अजून कारणाशिवाय पडून आहे."

मी नियम उघडला. पडद्यावर चार पर्याय उघडे होते. मशीन, हत्यार, माल, माणूस.

"लिही," हे म्हणाले. खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

"काय लिहू?"

"माणूस. दोष कोणता विचारेल, तर लिही नजर." मग मालकांच्या दिशेने, जवळजवळ बरोबर दिशेने, वळून म्हणाले, "तीन वर्षं झाली. मशीन चांगलं आहे. दुसऱ्या शिफ्टलाही चालवा, भरपूर काम देईल."

टायवाला सोडून सगळे खाली बघायला लागले. तो बिचारा विचारत राहिला, "म्हणजे आमचं काय ठरलं?"

मी टाइप केलं. खडूसने नियम जतन केला, आणि लगेच दुसरा प्रश्न विचारला: हा माणूस इतर कामांसाठी उपलब्ध आहे का? सूनबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "मशीनवर नाही," त्या म्हणाल्या. "आजपासून कुठल्याच मशीनवर नाही, सॉरी भाऊ." ह्यांनी मान डोलावली. मालक म्हणाले, "बाकीचं बघू." मालकांचं बघू म्हणजे काय, ते इतक्या वर्षांत कोणाला कळलेलं नाही.

बाहेर आल्यावर सूनबाईंनी मला बाजूला घेतलं. "तुम्हाला खरंच कधी शंका आली नाही?"

"नाही," मी म्हटलं. ते खरं आहे. ज्या संध्याकाळी ह्यांना काम जमलं नसतं त्या संध्याकाळी मी ते लावलंच नाही, तीन वर्षं, आणि मला वाटत राहिलं की मी मशीन सांभाळतेय.

२३ नोव्हेंबर, बुधवार

दोघं डॉक्टरांकडे जाऊन आलो. डॉक्टर ह्यांच्यावर नाही, माझ्यावर रागावले. बायकोला माहीत नव्हतं हे त्यांना पटेना. थेंबांची बाटली आता फ्रिजवर आहे. लेकीला फोनवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "ती बॅग." आणि रडायला लागली. ह्यांनी फोन घेतला आणि तिला म्हणाले, "अगं, लाल होती ना ती? मला वाटलं जमीन आहे." ती रडता रडता हसली. बापाला हे जमतं.

५ डिसेंबर, सोमवार

मालकांचं बघू कळलं. ह्यांनी नवीन माणसं तयार करायची, सेटिंग सांगायचं, चाक घासून कधी धारेवर आणायचं ते आवाजावरून ठरवायचं. तीन महिन्यांनी पुन्हा विचार करू. म्हणजे तीन महिने मिळाले. नंतरचं मालकांनाही माहीत नसावं.

खडूसमध्ये ह्यांना बसवायचं कुठे हा प्रश्न आला. तिथे प्रत्येक माणसापुढे एक मशीन लागतंच, नाहीतर तो माणूस आहे असं खडूस धरत नाही. मी दिवसभर डोकं फोडून बाईला फोन केला. तिने "सेटिंग" नावाची नवी ओळ उघडून दिली, मशीन नसलेली. फोन ठेवताना म्हणाली, "त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले." मी म्हटलं, "नाही. जरा उशिरा बोललात." मग दोघी हसलो. चहाला या म्हणून सांगितलंय.

१२ डिसेंबर, सोमवार

प्लॅन आता शॉपच्या भिंतीवर मोठ्या पडद्यावर येतो. शिफ्ट संपताना सगळे त्याखाली माना वर करून उभे असतात. मला कोणी विचारायला येत नाही. माझी शीट मी उघडलेलीच नाही आठवडाभर. आजारी पडायला हरकत नाही आता, पण सवय नाही.

हे पडद्याखाली थांबले नाहीत. माझ्या टेबलाशी आले, खुर्ची चाचपून बसले. "वाच गं उद्याचं."

ह्यांची ओळ वाचली. सकाळी दोन नवीन पोरींना चाक बसवायला शिकवणं, दुपारी एक नंबरचं सेटिंग.

"आणि तीन नंबर?"

"सकाळी शाफ्ट. संध्याकाळी चार ते आठ बारीक पिना. पैलवान."

"आजच्यात बाद किती?"

"एकही नाही."

थोडा वेळ ह्यांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, पिनेचं माप घेताना फिरवतात तसा. "चांगलं मशीन आहे," म्हणाले. "उगाच तीन वर्षं बोल लागला त्याला."

बोल लावणारी मीच होते. काहीतरी म्हणणार तेवढ्यात पैलवान आला. चाकाचा आवाज बदललाय, ऐकायला येता का भाऊ, म्हणाला. ऐकायला या म्हणाला, बघायला नाही. मुद्दाम म्हणाला की काय, माहीत नाही. आणि उभ्या उभ्याच जरा वळून त्याने खांदा पुढे केला.

हे उठले आणि सगळ्या शॉपसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून तीन नंबरकडे चालत गेले.